दोन बोटं सनस्क्रीन

मामा : मी सनस्क्रीन विकतो, लावत नाही. तीसेक वर्षं गल्ल्यावर बसून एवढं कळलं, की या ट्यूबमध्ये मलमापेक्षा आकडाच जास्त खपतो. वर ५० छापलं की पाचशेला जाते.

मुग्धा : मी लिहून देते आणि लावतेही. तरी तुझं म्हणणं निम्मं खरं आहे, मामा.

मामा : कुठलं निम्मं ते आधी सांग, म्हणजे उरलेल्या निम्म्यावर भांडता येईल.

मे महिना, कराड, दुपारचे अडीच. या वेळेला औषधाच्या दुकानात चिटपाखरू नसतं. मुग्धा पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे, घरातल्या लग्नासाठी आजोळी आली होती. मी मामांचा जुना मित्र, दुपारी त्यांच्याकडे वर्तमानपत्रं चाळत बसणारा. वाद त्या दोघांचा आहे. मी फक्त मधेमधे तोंड घातलंय.

मामा : माझ्या आईचं बघ, म्हणजे तुझ्या आजीचं. जन्म रानात गेला. हळद, भुईमूग, ऊस. तोंडाला खोबरेल सोडून कधी काही लागलं नाही. नव्वदीत गेली, पण कातडीचा म्हणून एक आजार नव्हता.

मुग्धा : आजीच्या कपाळावर नि दोन्ही गालांवर वांग होतं, मामा. फोटोत बघ. तुम्ही कुणी त्याला आजार म्हणत नव्हता, इतकंच. मान आणि गळा कसा जाड, चिरा पडलेला झाला होता! आणि पोलक्याखालची पाठ शेवटपर्यंत तुकतुकीत. मी तिला न्हाऊ घातलंय, मला माहीत आहे. मानेचं नि पाठीचं वय काही वेगळं नव्हतं.

मामा : कॅन्सर तर नव्हता?

मुग्धा : नव्हता, आणि व्हायची शक्यताही फारशी नव्हती. इथे मी तुझ्या बाजूने. आपल्या कातडीतलं मेलॅनिन बरंच ऊन अडवतं. अमेरिकेत १९७९ साली मोजमाप प्रसिद्ध झालं होतं. कृष्णवर्णीयांच्या त्वचेचा वरचा थर उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांपासून साधारण तेरापट संरक्षण देतो आणि गोऱ्यांचा तीनपटीच्या जरा वर. आपण बहुतेक जण या दोघांच्या मधे कुठेतरी. त्यामुळे कॅन्सरची भीती घालून इथे सनस्क्रीन खपवणं मला पटत नाही. पण ज्यांना कोड आहे त्यांच्या पांढऱ्या डागात मेलॅनिन नसतंच. अल्बिनिझम घेऊन जन्मलेल्यांना ते अख्ख्या अंगात नसतं किंवा फार कमी असतं. ल्युपसचे पेशंट असतात, किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे असतात. यांच्यासाठी ही ट्यूब औषधच आहे.

मामा : माझ्याकडे ल्युपसवाले येत नाहीत गं. येतात त्या कॉलेजच्या पोरी, "काका, गोरं करणारं सनस्क्रीन द्या" म्हणत.

मुग्धा : तू काय देतोस?

मामा : मागतात ते देतो.

मुग्धा : त्यांना सांग, दंडाची आतली बाजू बघा. तो तुमचा रंग. त्याच्या पलीकडे कुठलंही सनस्क्रीन नेत नाही. फार तर उन्हाने आणखी काळवंडू देत नाही. आणि एखादं क्रीम महिन्याभरात झपाट्याने उजळ करत असेल, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. असे चेहरे घेऊन लोक माझ्याकडे येतात. लालबुंद, पातळ झालेली कातडी, बायकांना ओठावर लव, आणि क्रीम सोडलं की आग.

मामा : ती मलमं २०१८ला सरकारने अनुसूची एचमध्ये घातली. मी चिठ्ठीशिवाय देत नाही.

"शेजारी देतात," असं मी म्हणालो. त्यावर दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मामांच्या मागच्या भिंतीवर एका कंपनीचं भलंमोठं पोस्टर आहे. त्यावर एकाच मुलीचा चेहरा दोनदा छापलाय, डावीकडे सावळा आणि उजवीकडे पांढराफटक. मला विचाराल तर सनस्क्रीनची आपल्याकडची निम्मी बदनामी असल्या पोस्टरांनीच केली. गोरं व्हायचं नसेल त्याला हे आपल्या कामाचं नाही असं वाटतं, आणि गोरं व्हायचं असेल त्याची फसगत होते.

मामा : आता आकड्यावर ये. एसपीएफ ३० आणि ५० यात फरक किती?

मुग्धा : आधी आकडा निघतो कसा ते ऐक. काही माणसांच्या पाठीवर छोटे चौकोन आखतात. काही चौकोनांत मलम लावतात, काही कोरे ठेवतात, आणि दिव्याने अतिनील किरण सोडतात. कातडी जेमतेम लाल व्हायला कोऱ्या चौकोनात जेवढी मात्रा लागली, त्याच्या तीसपट मात्रा मलमाच्या चौकोनात लागली, तर एसपीएफ ३०.

मामा : म्हणजे तीसपट वेळ खुशाल उन्हात हिंडा?

मुग्धा : इथेच सगळे घसरतात. हिशेब मात्रेचा आहे, घड्याळाचा नाही. सकाळी आठच्या तासाभरात जेवढं अंगावर पडतं तेवढं दुपारी साडेबाराला काही मिनिटांत पडतं. शिवाय घामाने, पुसण्याने मलम निघून जातं. आता तुझा प्रश्न. १५चं सनस्क्रीन यूव्हीबी साधारण ९३ टक्के अडवतं, ३०चं ९७ आणि ५०चं ९८.

मामा : बघ! एका टक्क्यासाठी दोनशे रुपये जास्त.

मुग्धा : अडतं किती ते बघू नकोस, आत किती शिरतं ते बघ. ३०मधून ३ टक्के, ५०मधून २. म्हणजे एक तृतीयांशाने कमी. वांग असलेल्या बाईला तो फरक पडतो, तुला पडणार नाही. पण हे सगळं खरं कधी? त्या पाठीवरच्या चौकोनांत मलम लावतात ते दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. ट्यूबवरचा आकडा तेवढ्या थराचा आहे. घरोघरी लोक लावतात त्याच्या निम्मं, बऱ्याचदा पावच. मग ५०चं सनस्क्रीन फार तर दहा-बाराचं काम करतं, काही मोजण्यांत त्याहूनही कमी.

मामा : म्हणजे ५०चे पैसे मोजून घरी दहाचं न्यायचं. हेच तर मी म्हणतोय.

मुग्धा : हेच तुझं खरं निम्मं.

मामांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. औषधवाल्यासमोर मात्रा सांगितली की तो तिचे पैसे करतोच.

मामा : चेहरा नि मान मिळून किती लागेल?

मुग्धा : तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढायची. साधारण सव्वा ग्रॅम. कान, मानेची मागची बाजू आणि पापण्या त्यातच. टक्कल असेल तर वेगळं. अख्ख्या अंगाला लावायचं झालं, म्हणजे कोकणात समुद्रात डुंबायला गेलात, तर एका वेळेला तीस-पस्तीस ग्रॅम.

मामा : म्हणजे पन्नास ग्रॅमची ट्यूब समुद्रावर एका माणसाला दोनदाही पुरणार नाही. बरं, चेहराच धरू. दिवसातून दोनदा सव्वा ग्रॅम. ट्यूब वीस दिवसांत खलास. पाचशेच्या हिशेबाने वर्षाला नऊ हजार, एका तोंडाचे! आणि माझं गिऱ्हाईक मार्चमध्ये ट्यूब नेतं ते पुढच्या मार्चलाच तोंड दाखवतं. वर म्हणतं, "मागची अजून थोडी आहे हो."

मुग्धा : स्कूटरच्या डिकीत ठेवलेली.

मामा : डिकीतच. मेमध्ये उघडली तर तेल वेगळं, पाणी वेगळं.

मुग्धा : तशी ट्यूब फेकून द्यायची. उष्णतेने आतला मसाला बिघडतो. पण मामा, तुझ्या हिशेबात एक गफलत आहे. दिवसभर घरात किंवा दुकानात बसणाऱ्याला दुसऱ्यांदा लावायची गरज नाही. उन्हात काम असेल तरच दर दोन तासांनी. आणि पाचशेचीच ट्यूब हवी असं कुठे आहे? तुझ्याच कपाटात दीडशे-दोनशेच्या आहेत. महागडी चिमूटभर लावण्यापेक्षा स्वस्त आणि भरपूर लावलेली केव्हाही चांगली.

मामा : स्वस्तातल्या ट्यूबवरचा आकडा खरा कशावरून?

मुग्धा : महागातल्या तरी कशावरून? ऑस्ट्रेलियात 'चॉइस' नावाच्या ग्राहक संस्थेने २०२५मध्ये बाजारातली २० सनस्क्रीन तपासली. त्यांतली १६ वर छापलेल्या आकड्याला उतरली नाहीत. ज्या देशात याला सगळ्यांत जास्त जपतात तिथली ही गत. म्हणून मी ५० लिहून देते. आकड्यात थोडी तूट धरूनच.

मग मामांनी एक प्रश्न विचारला. उद्देश बहुधा नुसता डिवचायचा असावा, पण माझ्या मते त्या दुपारभरातला तोच सगळ्यांत मोलाचा प्रश्न होता.

मामा : ते पाठीवर दिवे मारून घेणारे लोक कोण असतात? काळे की गोरे?

मुग्धा : गोरे. म्हणजे फिकट कातडीचेच घेतात. लाली चटकन दिसते त्यांच्यात.

मामा : मग तो आकडा माझ्या कातडीचा नव्हेच की. मी कुठे लाल होतो? मी काळा होतो.

मुग्धा : हो. हे आम्ही डॉक्टरही पेशंटला नीट सांगत नाही. एसपीएफ मोजतो भाजणं, आणि ते मुख्यतः यूव्हीबीचं काम. आपली बहुतेकांची तक्रार काळवंडण्याची, डागांची. त्यात यूव्हीएचा वाटा मोठा. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के यूव्हीएच असतं. ते कातडीत खोल शिरतं, आणि दुपारपुरतं नसतं, दिवसभर असतं. काचेतूनही येतं. यूव्हीबी काचेला बऱ्यापैकी अडतं.

मामा : मग ते मोजणारा आकडा कुठला?

मुग्धा : ट्यूबवर पीए लिहून पुढे अधिकची चिन्हं असतात. जपानने १९९६मध्ये ती पद्धत सुरू केली, २०१३मध्ये चौथं चिन्ह जोडलं. तीन किंवा चार असलेलीच घ्यावी. आणि वांग असेल तर आणखी एक पायरी. साधा दिसणारा उजेडसुद्धा सावळ्या कातडीत रंग गडद करतो. २०१०च्या एका प्रयोगात तोच उजेड सावळ्या लोकांवर टाकला तेव्हा कातडी काळवंडली आणि आठवडेभर काळी राहिली, गोऱ्यांवर काही झालं नाही. नेहमीची बिनरंगाची सनस्क्रीन त्याला फारशी अडवत नाहीत. लोहाचे ऑक्साइड घातलेली, मातकट रंगाची जी येतात, ती अडवतात. आणि ती लावली की चुना फासल्यासारखं पांढरंही दिसत नाही.

मामा : ती दोन माझ्याकडे पडून आहेत. रंग बघून बायका परत ठेवतात.

मुग्धा : वांगवाल्या बाईला तीच दे. यूव्हीए काचेतून येतं म्हटलं ना, एक फोटो दाखवते.

तिने मोबाइलवर दाखवला तो फोटो २०१२मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापलेला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, अठ्ठावीस वर्षं मालाचा ट्रक चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेलशी आणि डावीवर सुरकुत्यांचे नुसते पट्टे. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, बाजूच्या काचेतून यूव्हीए त्याच बाजूवर पडत राहिलं. मामा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आपल्या एसटीवाल्यांचा उजवा हात असाच असतो." खिडकीच्या कडेवर कोपर टेकवून जन्म काढलेली माणसं त्यांच्याकडे बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. उजवा हात आणि डावा हात दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत, असं त्यांनीच सांगितलं.

मामा : पण पुरावा काय, की हे लावून थांबतं? फोटो दाखवणं सोपं आहे.

मुग्धा : ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये नॅम्बर नावाचं गाव आहे. तिथल्या १,६२१ मोठ्या माणसांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, १९९२मध्ये. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्याने मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल प्रकारच्या कॅन्सरच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाल्या. त्यांतल्याच पंचावन्नच्या आतल्या लोकांच्या हाताच्या पाठीचे ठसे घेऊन कातडीचं वय मोजलं. ते निष्कर्ष २०१३मध्ये आले. रोज लावणाऱ्यांत जरठपणा २४ टक्के कमी.

मामा : गोऱ्यांचं गाव.

मुग्धा : गोऱ्यांचंच. आपल्याकडे एवढा मोठा, इतका लांब चाललेला प्रयोग मला माहीत नाही. कातडीतलं कोलॅजेन तुटण्याची क्रिया मात्र तीच आहे, आपल्यात ती सावकाश होते.

चहा आला. उन्हाचा विषय निघाला की सगळे उकाड्यावर बोलतात, तसं मीही बोललो, "आज चाळीसच्या वर असेल." मुग्धाने मला तिथेच पकडलं. उकाडा आणि अतिनील किरण यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं ती म्हणाली. सनस्क्रीन लावून उष्माघात टळत नाही, आणि गार वाटतं म्हणून कातडी वाचत नाही. इथून महाबळेश्वरला जाणारे लोक वर गार वारा लागला की टोपी काढतात. पण हजार मीटर वर चढलं की हे किरण दहा टक्क्यांनी तरी वाढतात, आणि महाबळेश्वर तर साडेतेराशे मीटरवर. लेह-लडाखला जाऊन आलेल्यांची नाकं सोललेली असतात ती त्यामुळेच. तिथे बर्फही खालून किरण परतवतं, ताजं असेल तर ८० टक्क्यांपर्यंत. थंडीत, हसतखेळत भाजून घेतात आणि पुण्यात येऊन तिची फी भरतात.

मामा : पावसाळ्यात तरी सुटका?

मुग्धा : आकाश गच्च काळं असेल तर बरीच. पातळ, पांढऱ्या ढगातून ८० टक्क्यांपर्यंत येऊ शकतं. आणि तुझ्या कराडला शून्य सावली दिवस कधी?

मामा : आत्ताच झाला, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. शाळेतल्या मास्तरांनी पोरांना काठी रोवून दाखवली.

मुग्धा : दुसरा?

मामा : दुसरा कधी असतो?

मुग्धा : ऑगस्टच्या सुरुवातीला. सूर्य पुन्हा बरोब्बर डोक्यावर. या दोन दिवसांच्या मधले अडीच-तीन महिने तर तो दुपारी डोक्याच्या जरा उत्तरेकडेच असतो. आषाढी वारी त्यातच येते. ढगाची उघडीप झाली की तेच ऊन. म्हणून मी पेशंटला महिना बघायला सांगत नाही, सावली बघायला सांगते. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तेव्हा जपायचं.

मामांना हे एकदम पटलं, कारण यात विकत घ्यायचं काही नव्हतं. पण पटलं म्हणून वाद संपवतील तर ते मामा कसले.

मामा : एवढी रसायनं रोज थापायची. ती रक्तात जातात, हे खरं की खोटं?

मुग्धा : खरं. अमेरिकेच्या एफडीएने स्वतःच तपासलं, २०१९ आणि २०२०मध्ये अहवाल आले. अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन वगैरे रक्तात सापडली, आणखी तपासणी मागावी इतपत. रक्तात जाणं म्हणजे अपाय होणं असं त्यांनी म्हटलेलं नाही, लावणं थांबवा असंही नाही. ज्याला शंका आहे त्याने झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडची घ्यावी. लहान मुलांना, गरोदर बायकांना मी तीच देते. हवाईमध्ये प्रवाळांच्या काळजीने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१पासून बंद आहे. ते तुला कृष्णेच्या काठावर नको.

मामा : आणि डी जीवनसत्त्व? ६०,०००च्या पुड्या मी किती विकतो माहीत आहे?

मुग्धा : त्या नेणाऱ्यांतल्या किती जणांनी आधी सनस्क्रीन नेलं होतं?

मामा काही बोलले नाहीत. मग स्वतःच हसले. पुड्या नेणारे बहुतेक बँकवाले, मास्तर आणि दिवसभर घरात असणाऱ्या बायका. उन्हाशीच ज्यांची गाठ नाही, त्यांच्या डीचं खापर सनस्क्रीनवर कसं फोडणार? लोक लावतात तेवढ्याने डी थांबत नाही, असं मुग्धाचं म्हणणं. खरोखर दोन बोटं, रोज, अंगभर कुणी लावत असेल तर त्याने रक्त तपासून घ्यावं, हेही तिने सांगितलं. घरगुती उपायांवर तर दोघं एका सुरात बोलली. खोबरेल तेल कातडी मऊ ठेवतं, ऊन अडवण्याचं काम त्याच्याने होत नाही. बेसन, हळद, चंदन, तेच. आणि लिंबू चोळून उन्हात जाणं हा शुद्ध आततायीपणा, कारण लिंबाच्या सालीतली द्रव्यं आणि यूव्हीए एकत्र आले की कातडीवर फोड येतात आणि नंतर महिनोन्महिने डाग राहतात.

मामा : बरं, शेवटचं. हंगामात इथे बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटेपासून फडात. त्यातली एक बाई गेल्या साली तोंडावरचे डाग घेऊन माझ्याकडे आली. तिला काय देऊ? पाचशेची ट्यूब, दर दोन तासांनी? तिने कोयता ठेवायचा, हात धुवायचे, दोन बोटं मोजायची?

मुग्धा : तू काय दिलंस?

मामा : काही नाही. डोकं बांध म्हटलं.

मुग्धा : ती डोकं बांधूनच आली असणार. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला नि तोंडाला फडकं. उन्हापासून बचाव कसा करायचा हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, मामा. ऑस्ट्रेलियाने १९८१मध्ये मोठी मोहीम काढली, स्लिप, स्लॉप, स्लॅप. त्यात पहिला शब्द अंगात शर्ट चढवण्याचा, मलम दुसरं, टोपी तिसरी. आपल्याकडे पहिला आणि तिसरा गाळून मधलाच आला, कारण तोच ट्यूबमध्ये भरून विकता येतो.

मामा : हे तू बोलतेस?

मुग्धा : मीच बोलते. कापड घामाने वाहून जात नाही, दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. फक्त कुठलं कापड ते बघायचं. पातळ पांढऱ्या सुती कापडातून बरंच आत येतं, ओलं झालं की आणखी. घट्ट विणीचं, गडद रंगाचं हवं. जीनचं कापड तर बहुतेक सगळंच अडवतं. पुण्यात स्कूटरवर मुली सनकोट, हातमोजे, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये, अशा जातात, लोक त्यांची टिंगल करतात. माझ्या दृष्टीने शहरातली सगळ्यांत शहाणी माणसं ती. फक्त कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग उघडा राहतो, आणि नेमकं तिथेच वांग येतं. तेवढ्यावर मलम.

मामा : मग त्या बाईला?

मुग्धा : फडकं सैल नको, नाकावरून घट्ट बांध म्हणायचं. आणि गाल, कपाळ उघडं राहतं तेवढ्यालाच, सकाळी कामावर निघताना एकदा, मातकट रंगाची स्वस्त ट्यूब. चेहऱ्याचा तेवढाच भाग म्हणजे ट्यूब दीड-दोन महिने जाईल. पूर्ण उपाय नाही हा. उन्हातलं काम सुटत नाही तोवर डाग पुरते जाणार नाहीत, हे तिला सांगायलाच हवं.

मामा : आणि पैसे?

इथे मुग्धा थांबली. तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. ऑस्ट्रेलियात १५ किंवा त्याहून जास्त एसपीएफच्या सनस्क्रीनवर जीएसटी नाही. आपल्याकडे ते कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे, लिपस्टिकच्या रांगेतलं, आणि कर त्या हिशेबाने. कोड असलेल्या मुलाचा बापही तोच कर भरतो. मामांच्या मते यावर डॉक्टरांच्या संघटनांनी ओरडायला हवं. मुग्धाच्या मते औषधविक्रेत्यांच्या. या मुद्द्यावर त्यांनी दहा मिनिटं एकमेकांवर ढकलाढकली केली, ती मी गाळतो.

मामा : एक कर. चिठ्ठीवर तुम्ही लोक लिहिता, "सनस्क्रीन, सकाळी." बस्स. खोकल्याच्या औषधाला पाच मिली, दहा मिली लिहिता की नाही? मग याची मात्रा का लिहीत नाही? "दोन बोटं, सकाळी आठला, उन्हात असाल तर दर दोन तासांनी, ट्यूब वीस दिवसांची," असं लिही. एकविसाव्या दिवशी पेशंट आला नाही तर मला कळेल की त्याचं औषध बंद आहे.

मुग्धा : लिहीन. चांगलं आहे हे. मग तूही एक कर, ते मागचं पोस्टर काढ.

मामा : ते कंपनीचा माणूस लावून गेलाय.

मुग्धा : काढायला त्याला कशाला बोलवायचं?

मामा : भिंतीचे पैसे देतात गं ते. दिवाळीपर्यंतचे घेतलेत. दिवाळीनंतर बघू.